दर उन्हाळ्यात गाडीचा एसी बसतो? गॅस भरण्याआधी गळती शोधा

लागोपाठ चार उन्हाळे मी गाडीत गॅस भरून घेतला. मार्चअखेर भरायचा, एप्रिलभर गाडी गार, मे लागला की हवा कोमट, आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे तापाचे नऊ दिवस, सुरू होईपर्यंत नुसता पंखा. दुकानदार तोंड पाहूनच ओळखायचा. "काऊन भाऊ, यंदाही संपला का गॅस?" मी मान हलवायचो आणि पैसे द्यायचो. "संपला" हा शब्दच मुळात चुकीचा आहे, हे कळायला चार वर्षं गेली.

गाडी २००८ ची, पेट्रोलवर चालणारी लहान हॅचबॅक. घर घाटंजी तालुक्यात. आईला महिन्यातून दोनदा यवतमाळला दवाखान्यात न्यावं लागतं, तासाभराचा रस्ता. चौथ्या उन्हाळ्यात परत येताना दुपारचे दोन वाजून गेले होते. आई मागच्या सीटवर एकदम गप्प झाली. हाक मारली तर बऱ्याच वेळानं हुंकार आला. गाडी कडुनिंबाखाली घेतली, दुपट्टा ओला करून तिच्या डोक्या-मानेवर टाकला, घोटघोट पाणी पाजलं, तेव्हा कुठे ती सावरली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "मले आता गाडीत नको नेऊ बाप्पा, मी एस्टीनंच जातो." त्या दिवशी ठरवलं की यापुढे गॅस भरायचा नाही, दुखणं शोधायचं.

ज्यांची गाडी जुनी आहे आणि दरवर्षी हेच होतं, त्यांच्यासाठी हे सगळं लिहितो आहे. एसी दुरुस्त होईपर्यंत गाडी चालवावी लागतेच, त्याबद्दलही पुढे आहे.

गॅस संपत नाही, गळतो

गाडीचा एसी हे बंद चक्र आहे. कॉम्प्रेसर गॅस दाबतो. समोरच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो. मग ओल शोषणाऱ्या ड्रायरच्या बाटलीतून जाऊन एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून सुटतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये उकळताना आतल्या हवेतली उष्णता ओढून घेतो. तिथून परत कॉम्प्रेसरकडे. यात तो कुठे जळत नाही, कुठे खर्च होत नाही. घरच्या फ्रिजमध्ये आपण दरवर्षी गॅस भरतो का? गाडीला रबरी होज असतात आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्टला सील असतं, त्यामुळे थोडा गॅस वर्षानुवर्षं झिरपतो हे खरं. पण दोन महिन्यांत गाडी रिकामी होत असेल तर कुठेतरी छिद्र आहे. छिद्र तसंच ठेवून वरून गॅस ओतणं म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण मी यातच फसलो. इंजिन बंद असताना गेज, म्हणजे दाब मोजायचा काटा, लावून "बघा भाऊ, प्रेशर तर भरपूर आहे" असं दाखवतात. आपल्या गाड्यांत बहुतेक आर-१३४ए हा गॅस असतो. चाळीस अंशाला बंद गाडीत त्याचा दाब १३० पीएसआयच्या आसपास येतो. आत थोडासा जरी द्रव शिल्लक असला तरी तेवढाच येतो आणि पूर्ण भरलेला असला तरी तेवढाच. स्वयंपाकाचं सिलिंडर अर्धं झालं म्हणून शेगडीची ज्योत अर्धी होत नाही, तसंच हे. त्यामुळे बंद गाडीतल्या काट्यावरून गॅस किती आहे ते कळत नाही. काटा अगदी खाली असेल तर गाडी जवळपास रिकामी आहे, एवढंच काय ते कळतं.

गॅरेजला जाण्याआधी घरी काय बघायचं

एसी नेमका कधी दगा देतो ते दोन-तीन दिवस लक्ष देऊन पाहा. मेकॅनिकला "थंड नाही करत" एवढंच सांगितलं की तो गॅसच भरणार.

गाडी पळताना गार आणि फाटकावर किंवा बाजारात थांबली की गरम, असं असेल तर दोष बहुधा गॅसचा नाही. कंडेन्सरला वारा मिळत नाही. एसी लावल्यावर समोरचा पंखा फिरतो का ते बॉनेट उघडून पाहा. फिरत नसेल तर फ्यूज, रिले, मग मोटर, या क्रमानं तपासा. पंखा फिरत असेल तर जाळी तुंबली असेल. याची सोपी परीक्षा अशी: इंजिन आणि एसी चालू ठेवून समोरून कंडेन्सरच्या जाळीवर तांब्याभर पाणी हळूहळू शिंपडा. पंख्याच्या मोटरवर आणि वायरिंगवर पाणी जाऊ देऊ नका, हात पंख्यापासून लांब ठेवा. मिनिटभरात आतली हवा चांगली गार झाली तर उष्णता बाहेर पडण्यातच अडचण आहे.

आपल्या भागात जाळी तुंबण्याचं एक खास कारण आहे आणि ते कुठल्याही गाडीच्या पुस्तकात सापडणार नाही. कापूस. दिवाळीनंतर जिनिंगकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांमागून आपण महिनोन्महिने चालतो. उडणारी रुई कंडेन्सरमधून आत जाते आणि कंडेन्सर अन् रेडिएटर यांच्या मधल्या दोन बोटांच्या फटीत बसते. त्यावर सोयाबीनच्या थ्रेशरचा भुसा, त्यावर धूळ. मी वरचं पट्टीचं कव्हर काढून टॉर्च मारला तर आत राखाडी थर होता. बोटानं धरून ओढला तेव्हा वातीसाठी वळलेल्या कापसासारखा लांबच लांब निघत आला, हातभर. बाहेरून जाळी स्वच्छ दिसत होती. गाडी धुणाऱ्याच्या प्रेशरनं हे काढायला जाऊ नका, जाळीच्या पातळ पाकळ्या आडव्या होतात आणि वाट कायमची बंद होते. मोठा थर हातानं काढा, मग इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेनं साध्या नळीचं पाणी सोडा. इंजिन पूर्ण थंड असताना.

हवा नुसती कोमट नसून बाहेरच्यापेक्षाही गरम येत असेल तर हीटर तपासा. जुन्या गाड्यांत हीटरची केबल सैल होते आणि खटका निळ्यावर असूनही आत गरम पाणी फिरत राहतं किंवा आतलं झाकण अर्धं उघडं राहतं. इंजिन तापलेलं असताना एसी बंद करा, खटका पूर्ण थंडावर ठेवा, नुसता पंखा लावा. हवा बाहेरच्या हवेइतकी आली तर ठीक. त्याहून गरम आली तर एसी कितीही चांगला असला तरी तो हीटरशी भांडत बसलाय. तसंच बाहेरची हवा आत घेणारा खटका. तो बंद होत नसेल तर कॉइल ४५ अंशाची हवा गार करायचा प्रयत्न करते. या दोन्ही दुरुस्त्या फारशा खर्चाच्या नाहीत, पण फार कमी लोक त्या बघतात.

अर्धा-पाऊण तास छान चालून मग हवेचा जोरच कमी होत गेला, आणि एसी पंधरा मिनिटं बंद ठेवल्यावर परत गार वारा आला, तर कॉइलवर बर्फ जमतोय. तापमान सांगणारा थर्मिस्टर खराब आहे किंवा कॉइल मातीनं भरली आहे. हवेचा जोर तसाच राहून थंडावा येतो-जातो असेल तर आत ओल गेली असू शकते, ती एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये गोठते. आणि कॉम्प्रेसरचा "टक" आवाज दर काही सेकंदांनी येत-जात असेल तर बहुधा गॅसच कमी आहे. तेव्हा मात्र गळती शोधायची.

गळती कशी सापडली

गॅसबरोबर थोडं ऑइलही फिरतं. जिथून गॅस जातो तिथे तेलाचा चिकट डाग पडतो आणि आपल्याकडची धूळ त्यावर लगेच बसते. त्यामुळे टॉर्च घेऊन सगळे पाइप, जोड, कंडेन्सरचे कोपरे आणि कॉम्प्रेसरचा पुढचा भाग पाहिला तर काळपट ओला ठिपका डोळ्यांना दिसतो. गॅस भरायच्या तोट्यांची टोपणं काढून त्यावर साबणाचा फेस लावा. आतली पिन गळत असेल तर फुगा येतो. ती पिन काही रुपयांची असते. टोपणातलं रबर सुकलं असेल तर तेही बदला.

माझ्या गाडीत बाहेर काहीच सापडलं नाही. तेव्हा यवतमाळला एका गॅरेजमध्ये नायट्रोजन लावून घेतला. हे आग्रहानं करून घ्या. नुसता व्हॅक्यूम ओढून, म्हणजे पंपानं आतली हवा काढून, "काटा हलत नाही, गळती नाही" असं सांगतात, पण व्हॅक्यूममध्ये बाहेरच्या हवेचाच काय तो दाब असतो, तोही उलट दिशेनं. बारीक छिद्र त्यात लपून जातं. १५० पीएसआय नायट्रोजन भरून तासभर ठेवला आणि काटा खाली सरकला. कॉम्प्रेसरची साधी हवा किंवा वेल्डिंगचा ऑक्सिजन यासाठी कुणी लावत असेल तर थांबवा. हवेत ओल असते, आणि ऑक्सिजन तेलाच्या संपर्कात आला तर स्फोट होऊ शकतो.

डॅशबोर्ड उतरवला. कॉइल बाहेर आली तेव्हा ती कॉइल आहे असं वाटेना, मातीची वीट वाटत होती. रुई, निंबाचा पाला, लाल-काळी माती, सगळं दमट होऊन घट्ट बसलेलं. मेकॅनिकनं ती धुऊन एक तोंड बंद केलं, दुसऱ्याला नायट्रोजनची नळी लावली आणि पाण्याच्या टबात बुडवली. सुरुवातीला अडकलेली हवा भसाभस वर आली. मग पाणी शांत झालं आणि खालच्या डाव्या कोपऱ्यातून बुडबुडे यायला लागले, मोहरीएवढे, एकामागे एक, न थांबता. चार वर्षांचे पैसे तिथून जात होते.

कोपरा खालचाच का, हे त्यानं दाखवलं म्हणून मला फार पटलं. कॉइलवर जमणारं पाणी एका लहान नळीतून गाडीखाली गळतं. एसी लावून गाडी उभी असली की खाली थेंब पडतात ते हेच. माझी ती नळी मातीनं बंद होती. पाणी आतच साचायचं, मातीचा चिखल व्हायचा आणि ॲल्युमिनियम खालून खात जायचा. बऱ्याच जुन्या गाड्यांत हवेला फिल्टर नसतो आणि आपण मातीच्या रस्त्यावर काचा उघड्या ठेवून पंखा लावतो. तेव्हा एसी लावल्यावर गाडीखाली पाणी पडणं बंद झालं, किंवा शेजारच्या सीटच्या पायाखाली ओल दिसली, तर त्याच आठवड्यात नळी साफ करा. नवी कॉइल टाकली तरी नळी तशीच राहिली तर दोन-चार वर्षांनी पुन्हा तेच.

कॉइलला डाग मारून देतो असंही एकानं सांगितलं होतं. मी नको म्हटलं. एका ठिकाणी भोक पडेपर्यंत धातू खाल्ला गेला असेल तर बाजूचाही पातळ झालेला असतो, आणि डॅशबोर्ड उतरवायची मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते. गॅस भरताना आत सोडायची गळती-बंद औषधंही टाळा. ती एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या छिद्रातही बसतात.

चक्र उघडलं की सगळ्या उघडलेल्या जोडांच्या ओ-रिंग, म्हणजे रबरी कड्या, नव्या लावायच्या आणि ड्रायर बदलायचा. ड्रायरमधले ओल शोषणारे दाणे उघड्या हवेत भरून जातात, मग ते काही कामाचे राहत नाहीत. त्यानंतर निदान अर्धा-पाऊण तास व्हॅक्यूम. घाई करणाऱ्याला मी सरळ सांगितलं, "भाऊ, मी बसतो, तुम्ही पंप चालू ठेवा."

गॅस वजनावर भरून घ्या. बॉनेटखाली स्टिकर असतो, त्यावर ग्रॅममध्ये आकडा लिहिलेला असतो. लहान गाड्यांत साधारण ३५० ते ५०० ग्रॅम. आपल्याकडे ऊन जास्त म्हणून थोडा जास्त गॅस, ही समजूत फार पसरली आहे आणि ती उलटी आहे. बाहेर ४५ अंश असताना कंडेन्सरला उष्णता टाकायची तर त्याला त्याहून बरंच जास्त तापावं लागतं, साठ-पासष्ट अंशांपर्यंत. म्हणजे हाय साइडचा, कंडेन्सरकडच्या बाजूचा, दाब आधीच २३० ते २६० पीएसआयपर्यंत चढलेला असतो. त्यात जास्तीचा गॅस कोंबला की थंडावा कमी होतो, दाब अजून चढतो आणि शेवटी स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. डब्यावर आर-१३४ए लिहिलंय ना, ते स्वतः वाचा. स्वस्तात एलपीजी मिसळलेला गॅस भरला तर तो पेट घेणारा असतो आणि समोरून धडक बसली की पहिल्यांदा कंडेन्सरच फुटतो. फार जुन्या गाडीत आर-१२ असेल तर त्याचं ऑइल वेगळं असतं, त्यावर १३४ए तसाच ओतायचा नाही.

आणखी एक मनाला लागलेली गोष्ट. आर-१३४ए हा कार्बन डायऑक्साइडच्या १४३० पट उष्णता धरून ठेवतो. माझ्या गाडीतले ४०० ग्रॅम हवेत गेले म्हणजे साधारण २५० लिटर पेट्रोल जाळल्यासारखं झालं. आणि ते मी चार वेळा केलं. ऊन वाढलं म्हणून आपणच ओरडतो.

कॉइल बदलली, तरी दुपारी बंद

इथेच सगळं आटोपलं असतं तर बरं होतं. नव्या कॉइलनंतर सकाळी सुंदर थंडावा, आणि दुपारी पाऊण तास गाडी चालली की एसी एकदम गायब. मला वाटलं, परत गळती. पण संध्याकाळी गाडी निवली की पुन्हा गार. गॅस गळला असता तर तो संध्याकाळी परत कसा येणार?

कारण कॉम्प्रेसरच्या क्लचमध्ये होतं. पुलीसमोर एक चकती असते, एसी लावला की चुंबकानं ती पुलीला चिकटते आणि कॉम्प्रेसर फिरतो. वर्षानुवर्षं घासून चकती आणि पुलीमधली फट वाढते. इंजिन तापलं की चुंबकाच्या तारेचा रोध वाढतो, ओढ कमी होते आणि वाढलेली फट ओलांडून चकती चिकटत नाही. दुपारी एसी बंद पडला तेव्हा बॉनेट उघडून पाहिलं. पुली फिरत होती, चकती जागेवर उभी. मेकॅनिकनं चकती उतरवून आतली पातळ वॉशर काढली आणि फट अर्ध्या मिलिमीटरच्या आत आणली. काम संपलं. नवा कॉम्प्रेसर टाकायला सांगणारे मला दोघं भेटले होते.

एसी नाही आणि जाणं भाग आहे

नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ अंश नोंदले गेले होते. आपल्याकडे मे महिन्यात ४४-४५ म्हणजे रोजचं. इतक्या उन्हात बाहेरची हवा अंगापेक्षा गरम असते, म्हणून काचा पूर्ण उघडून जोरात गाडी पळवली तर भट्टीसमोर बसल्यासारखं होतं. काचा चार बोटं उघड्या ठेवा, पुढची एका बाजूची आणि मागची दुसऱ्या बाजूची, म्हणजे हवा आडवी फिरते. सुती दुपट्टा ओला करून मानेवर आणि डोक्यावर. मे महिन्याची आपली हवा कोरडी असते म्हणून हे कूलरसारखं काम करतं. मृगाचा पाऊस पडला की जसा कूलर निकामी होतो, तसाच हा उपायही निकामी होतो.

पहाटे साडेपाचला निघा, साडेदहा-अकरापर्यंत घरी या. ते जमत नसेल तर दुपार तिथेच सावलीत काढा. उन्हात उभ्या गाडीत बसण्याआधी एका बाजूची काच उघडून दुसऱ्या बाजूचं दार पाच-सहा वेळा उघड-बंद करा, कोंडलेली हवा बाहेर पडते. माणशी निदान लिटरभर पाणी, आणि एका बाटलीत लिटरला सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. लहान मूल किंवा म्हातारं माणूस बंद गाडीत "दोन मिनिटांसाठी"सुद्धा ठेवू नका. आतला पारा बहुतेक पहिल्या अर्ध्या तासातच चढून जातो.

कुणी असंबद्ध बोलायला लागलं, उशिरा ओ द्यायला लागलं, अंग चटका बसेल इतकं तापलं, तर पुढे जायचं नाही. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका. आई त्या दिवशी याच उंबरठ्यावर होती, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं.

एसी बंद असलेल्या गाडीत कॉम्प्रेसरकडून घरघर येत असेल तर दुर्लक्ष करू नका. एसी बंद असला तरी पुली बेअरिंगवर फिरतच असते. ते जाम झालं की पट्टा जळतो. कॉम्प्रेसरचा पट्टा वेगळा असेल तर सरळ काढून ठेवा. तोच पट्टा बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरलाही असेल तर बेअरिंग बदलल्याशिवाय लांब जाऊ नका.

हिवाळ्यात मी आता दर रविवारी दहा मिनिटं एसी लावतो. तेवढ्यानं ऑइल फिरतं आणि शाफ्टचं सील सुकत नाही. कापसाचा शेवटचा वेचा झाला की फेब्रुवारीत वरची पट्टी काढून रुई उपसतो आणि पाण्याच्या नळीत खालून हलकेच वायर फिरवतो. यंदा टोपलंभर नाही, मूठभरच निघाली. कॉइल बदलल्याला दोन उन्हाळे झाले, गॅस तोच आहे. २० मेच्या दुपारी परतीच्या वाटेवर हवेच्या जाळीत थर्मामीटर धरला होता, बाहेर ४४ आणि आत येणारी हवा १३. आई मागे झोपली होती.